झाडू आणि खाडी : सुरत-पलसाणा परिसरातील रस्तेसफाईचा इतिहास



आपल्या व्याख्यानमालेत इतिहास म्हटला की सोनगडचा किल्ला, गायकवाडांची कारकीर्द, बडोद्याचे ग्रंथालय किंवा शिवाजी महाराजांच्या सुरतेवरील स्वाऱ्या हे विषय ओघाने येतात. आज मी मांडणार असलेला विषय त्यांच्या मानाने फारच साधा आहे. रस्ता कोण झाडतो, कधी झाडतो, आणि झाडला नाही तर त्यावरची घाण पावसाळ्यात कुठे जाते, एवढाच तो विषय. सुरतेच्या गेल्या तीस वर्षांच्या इतिहासात मात्र झाडूचे स्थान मोठे आहे, आणि त्या इतिहासाचा अर्धा भाग अजून पुरा व्हायचा आहे. तो आपल्या पलसाण्याच्या बाजूला पुरा व्हायचा आहे, म्हणून हा विषय इथे मांडणे मला योग्य वाटले.

१. अंगण आणि रस्ता

आपल्या घरांत झाडण्याला धर्माचे अधिष्ठान आहे. पहाटे सडासंमार्जन करायचे, मग रांगोळी घालायची. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहायचे. केरसुणीला पाय लागला तर नमस्कार करायचा. स्वच्छतेच्या साधनाला लक्ष्मी मानणारा हा समाज आहे.

पण हे पावित्र्य बहुधा अंगणाच्या कडेपर्यंतच चालले. घरातला केर उंबऱ्याबाहेर, अंगणातला केर रस्त्यावर, आणि रस्त्यावरचा केर म्हणजे 'सरकारी' काम. केरसुणी पूजनीय ठरली, पण रस्त्यावर खराटा धरणारा माणूस अस्पृश्य ठरला. ही विसंगती ज्यांनी कृतीने उघडी पाडली त्यांत गाडगेबाबा (१८७६–१९५६) अग्रणी होते. गावात पाऊल टाकताच ते रस्ते आणि गटारे झाडायला लागत, आणि रात्री कीर्तनातून त्याच गावाला अज्ञानाबद्दल आणि घाणीबद्दल खडसावत. कीर्तनाआधी झाडू हा क्रम त्यांनी मुद्दाम पाळला. त्यांच्या नावाने महाराष्ट्र शासनाने २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम करू द्यावे म्हणून उपोषण केले, आणि त्यांना पाठिंबा म्हणून गांधीजींनीही येरवड्यात अन्न सोडले. सफाई कोणाच्या माथी मारायची, हा प्रश्न आपल्याकडे असा जुना आहे. सफाई न झाल्याने पाण्याचे काय होते, हा प्रश्न त्या मानाने नवा.

२. गायकवाडी पलसाणा आणि इंग्रजी सुरत

आज सुरत आणि पलसाणा ही एकाच जिल्ह्यातली नावे. १९४९ पूर्वी मात्र त्यांच्यामध्ये राज्याची सीमा होती. सुरत शहर इंग्रजी मुलखात, तर पलसाणा बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतात. महसूल, न्याय, शाळाखाते यांत नोकरीस असलेली मराठी माणसे या प्रांतात वहिवाटदाराच्या कचेरीभोवती वसली. आपल्यापैकी काही घराण्यांचे इकडचे मूळ तिथेच सापडते. महाराजा सयाजीराव तिसरे यांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि ग्रामपंचायतींनाही कायद्याने रूप दिले. गावाची झाडलोट, विहिरी, रस्ते ही कामे गावानेच पाहावीत, असा त्यामागचा विचार होता. त्या काळच्या गावाला तो पुरेसा होता. रस्ता मातीचा, घाण शेणाची आणि पाचोळ्याची. झाडलेले सगळे उकिरड्यावर जाई आणि उकिरडा शेतात. पावसाने जे वाहून नेले ते मातीत जिरून जाई.

सुरतेची गोष्ट वेगळी. इथली नगरपालिका १८५२ सालची, म्हणजे देशातील जुन्या नगरपालिकांपैकी एक. दाट वस्ती, अरुंद गल्ल्या, उघडी गटारे. जुन्या सुरतेच्या आणि नवसारी-भरूचच्या घरांत पावसाचे पाणी साठवण्यासाठी जमिनीखाली टांकी असत. छपराचे पहिल्या पावसाचे पाणी टांकीत घ्यायचे नाही, ते वाहून जाऊ द्यायचे, ही त्या घरांची शिस्त. छपरावर आठ महिन्यांची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा साचलेली असते, पहिली सर ती धुऊन आणते, हे त्या गृहिणींना पक्के ठाऊक होते. हाच हिशेब रस्त्याला लावायचा झाला तर शहराने काय करावे? छपराचे पहिले पाणी सोडून देता येते. रस्त्याचे पहिले पाणी सोडायचे म्हणजे नदीतच सोडायचे. तेव्हा पहिल्या पावसाआधी रस्ताच स्वच्छ असला पाहिजे. आजच्या व्याख्यानाचे सार एवढेच आहे. बाकी सगळा त्याचा विस्तार.

३. १९९४

१ ऑक्टोबर १९६६ रोजी सुरतेत महानगरपालिका आली. १९७१ ते १९९१ या वीस वर्षांत शहराची लोकसंख्या पावणेपाच लाखांच्या आसपास होती ती पंधरा लाखांवर गेली. यंत्रमाग, जर आणि हिरे यांनी माणसे खेचून आणली. त्यांत खानदेशातून तापी व्हॅली रेल्वेने आलेली हजारो मराठी कुटुंबे होती. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली इथे ती स्थिरावली. वस्ती वाढली त्या प्रमाणात गटारे वाढली नाहीत, आणि झाडणारे हातही वाढले नाहीत.

१९९४ च्या पावसाळ्यात सुरतेत पाणी तुंबले. सप्टेंबरच्या सुरुवातीला तापीला पूर आला. पाणी ओसरल्यावर मागे राहिला चिखल, कुजलेला केर आणि मेलेली जनावरे. त्याच सुमारास बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण सापडल्याची बातमी होती. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत, विशेषतः वेडरोड-कतारगाम भागात, फुफ्फुसाच्या प्लेगने माणसे दगावू लागली. देशभरात मिळून मृत्यू पन्नासच्या आसपास झाले, पण भीती त्याच्या कैक पटींनी मोठी होती. लाखो लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेले. परदेशांनी विमाने थांबवली, माल नाकारला.

त्या दिवसांत मराठवाड्यातून आलेल्या मजुरांनी रोग आणला, असा तर्क बोलला गेला. तो सिद्ध झाला नाही. हा प्लेगच होता का, यावरही वाद झाला, आणि डॉ. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पुढे तो प्लेगच असल्याचा निर्वाळा दिला. इतिहासकाराने इथे जपून बोलले पाहिजे. घाणीतून प्लेगचा जंतू जन्माला येत नाही. त्याला उंदीर आणि पिसवा लागतात, आणि फुफ्फुसाचा प्लेग माणसाच्या श्वासातून पसरतो. पण उंदरांना आसरा देणारा कचरा, आणि तो कचरा वस्तीभर पसरवणारे तुंबलेले पाणी, या दोन्हींचे मूळ एकच होते. जे उचलायला हवे होते ते उचलले गेले नव्हते, आणि पावसाने ते गटारांत भरले होते.

४. रात्रीची खरडण

मे १९९५ मध्ये सूर्यदेवरा रामचंद्र राव हे सुरतेचे महापालिका आयुक्त म्हणून आले. त्यांच्या कारकिर्दीची कथा आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेली आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. शहराचे सहा झोन केले, प्रत्येक झोनला अधिकार असलेला प्रमुख दिला, आणि अधिकाऱ्यांना सकाळी कचेरीऐवजी रस्त्यावर फेरी सक्तीची केली. 'एसी ते डीसी', म्हणजे गार खोलीतून रोजच्या कामाकडे, हे घोषवाक्य त्या काळी सुरतेत सर्वतोमुखी झाले. उघड्यावर घाण करणारे खाद्यपदार्थवाले असोत की मोठे दुकानदार, दंड सगळ्यांना झाला. १९९६ साली 'इंटॅक' या संस्थेने सुरतेला चंडीगडच्या खालोखाल देशातील दुसरे स्वच्छ शहर ठरवले. रावांना १९९८ साली पद्मश्री मिळाली.

यातल्या एका कामाकडे आज लक्ष वेधायचे आहे. ते म्हणजे मुख्य रस्त्यांची रात्रीची सफाई. महापालिकेच्या भाषेत 'नाइट स्क्रॅपिंग-ब्रशिंग'. दिवसा खराट्याने रस्ता झाडला जातो तेव्हा पाने, कागद, पिशव्या, खडे गोळा होतात. पण पदपथाच्या आणि दुभाजकाच्या कडेला बारीक मातीचा जो थर बसतो तो खराट्याच्या काड्यांतून निसटतो. रात्री रहदारी ओसरल्यावर तो थर खरडायचा, ब्रशने ओढायचा, पोत्यांत किंवा गाडीत भरून उजाडण्यापूर्वी न्यायचा, असे हे काम. सुरतेने ते धूळ कमी व्हावी, शहर टापटीप दिसावे म्हणून सुरू केले. पण त्याने आणखी एक गोष्ट साधली. जी बारीक माती एरवी जूनमध्ये जाळीतून पावसाळी गटारात गेली असती, ती कोरडी असतानाच उचलली जाऊ लागली.

याचे महत्त्व कळण्यासाठी सुरतेची गटारव्यवस्था लक्षात घ्यावी लागते. इथे मैलापाण्याच्या वाहिन्या वेगळ्या आणि पावसाळी गटारे वेगळी. मैलापाणी शुद्धीकरण केंद्राकडे जाते. बमरोलीला तर असे पाणी आणखी शुद्ध करून पांडेसऱ्याच्या कारखान्यांना दिले जाते. पावसाळी गटार मात्र थेट खाडीला किंवा तापीला मिळते. वाटेत चाळण नाही, केंद्र नाही. म्हणजे त्या वाहिनीपुरते शुद्धीकरण जे काय व्हायचे ते रस्त्यावरच, झाडूने व्हायचे.

५. जगाचा अनुभव

हा धडा इतर शहरांनीही घेतला आहे. इंग्लंडमध्ये मँचेस्टरचे अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० च्या दशकात घोड्याने ओढायचे रस्ता झाडणारे यंत्र तयार केले. अमेरिकेत जॉर्ज वेअरिंग यांचे नाव घ्यावे लागते. पीतज्वराने उद्ध्वस्त झालेल्या मेम्फिस शहरात १८८० साली त्यांनी मैलापाण्याची स्वतंत्र वाहिनी घातली, आणि १८९५ मध्ये न्यू यॉर्कच्या रस्तेसफाईचे प्रमुख झाल्यावर झाडूवाल्यांना पांढरा गणवेश दिला. मैलापाणी वेगळे काढल्यावर पावसाचे पाणी नदीत सोडायचे आणि ते नदीत जाणार म्हणून रस्ता झाडायचा, अशी दोन्ही कामे एकाच माणसाच्या हातून झाली. गणवेशाने त्या कामगारांना शहरात मान मिळाला, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पुढे मोजमाप सुरू झाले. १९७२ साली सार्टर आणि बॉइड यांनी अमेरिकी पर्यावरण संस्थेसाठी अनेक शहरांच्या रस्त्यांवरची धूळ तपासली. त्यांना आढळले की पिठासारखी अतिबारीक धूळ वजनाने एकूण केराच्या जेमतेम सहा टक्के असते. पण जड धातूंचा निम्म्याच्या आसपास भाग आणि पाण्यात शेवाळ माजवणाऱ्या द्रव्यांचा तिसरा ते निम्मा हिस्सा तिच्यातच असतो. तेव्हाची झाडूयंत्रे नेमकी हीच धूळ मागे ठेवत. रस्ता दिसायला स्वच्छ, पण विष जागेवरच.

१९८३ साली अमेरिकेतील देशव्यापी पाहणीने तर निराशाच केली. रस्ते झाडल्याने पावसाच्या पाण्यातली घाण सर्वसाधारणपणे फारशी घटत नाही, असा तिचा निष्कर्ष होता. पुढे धूळ शोषून घेणारी यंत्रे आली आणि चित्र बरेच बदलले. पण त्या जुन्या अहवालातच आपल्या कामाची एक नोंद होती. जिथे कोरडा आणि ओला ऋतू स्पष्ट वेगळे असतात, तिथे पावसाळ्याच्या तोंडाशी केलेल्या सफाईचा उपयोग होऊ शकतो. त्यांच्या बहुतेक शहरांत पाऊस वर्षभर पडतो, म्हणून दोन सरींमध्ये झाडून फार काही हाती लागत नाही. आपल्याकडे दिवाळी ते मृग हा सगळा काळ कोरडा, आणि मग वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत. आठ महिन्यांची जमा एका आठवड्यात वाहून जाते. टांकीवाल्या गृहिणीचा हिशेब आणि हा अहवाल एकच गोष्ट सांगतात.

६. खाडीला हद्द कळत नाही

कोकणातला माणूस खाडी म्हटले की भरतीचे रुंद पात्र डोळ्यांसमोर आणतो. सुरतेत खाडी म्हणजे शहरातून वाहणारे ओढेच : मीठी खाडी, कोयली खाडी, भेदवाड खाडी, काकरा खाडी, सीमाडा खाडी. यांचे पाणी शेवटी मिंढोळा नदीला मिळते आणि डुमसच्या बाजूने समुद्राला जाते. यांतल्या मोठ्या खाड्यांना येणारे बरेच पाणी शहराबाहेरचे, म्हणजे कामरेज, बारडोली, पलसाणा तालुक्यांतले. म्हणून सुरतेत पाऊस थांबला तरी वरच्या अंगाला मुसळधार झाला की लिंबायत-परवत पाटिया भागात खाडीपूर येतो. खाली भरती असली तर पाण्याला वाटच मिळत नाही. हे पाणी ज्यांच्या घरांत शिरते त्यांत मराठी घरे थोडी नाहीत.

आता पलसाण्याकडे पाहू. सयाजीरावांच्या काळातला मातीचा रस्ता आणि पाचोळ्याचा केर आता राहिलेला नाही. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि हजिऱ्याहून धुळ्याकडे जाणारा महामार्ग एकमेकांना इथे छेदतात. पलसाणा चोकडीवरून दिवसरात्र ट्रक जातात. कडोदऱ्यापर्यंत रंगाई-छपाईचे कारखाने, बॉयलरची राख, कोळशाचे ढीग, गॅरेजी, टायरवाले, धाबे. चलथाणला साखर कारखाना, आणि हंगामात उसाच्या गाड्या. कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी सामुदायिक शुद्धीकरण केंद्र आहे, नियम आहेत, तपासणी आहे. पण रस्त्याच्या कडेला साचलेली राख, टायरचे कण, सांडलेले ऑइल, रंगाच्या पिंपांभोवतीची माती यांना कोणताही पाइप नाही, म्हणून ती कोणाच्याच वहीत येत नाहीत. जूनची पहिली सर ती सगळी चरांत नेते, चरांतून खाडीत आणि खाडीतून मिंढोळेत.

महानगरपालिकेची हद्द २००६ आणि २०२० साली वाढली. सचीन, कनकपूर-कनसाड आत आले. पलसाणा बाहेरच राहिले. जिथे ती हद्द संपते तिथे रात्रीची खरडणही संपते. शहराने झाडूवर जो खर्च केला त्याचा फायदा रस्त्यांना झाला, पण खाड्यांचे पाणी वरूनच मळून येत असेल तर तो खर्च अर्धाच फळाला आला म्हणायचे. ११ जानेवारी २०२४ रोजी इंदूरबरोबर देशातील सर्वांत स्वच्छ शहराचा मान सुरतेला मिळाला. या मानाचा आपल्याला अभिमान आहेच. पण खाडीकाठच्या घरात गुडघाभर काळ्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला तो मान अपुरा वाटला तर त्याला दोष देता येणार नाही.

इथे एक आक्षेप निघेल. खाडीपूर झाडूने थांबणार आहे का? नाही. पुराला खाडीची रुंदी, तिच्यावरची अतिक्रमणे, उकाईचे पाणी सोडण्याचे नियोजन, भरतीची वेळ ही कारणे आहेत. ऑगस्ट २००६ चा तापीचा महापूर कोणत्याही झाडूने अडला नसता. झाडूने दोनच गोष्टी होतात. गटारांची तोंडे मातीने आणि प्लॅस्टिकने बुजत नाहीत, आणि जे पाणी घरात, विहिरीत, शेतात शिरते ते थोडे कमी विषारी असते. २६ जुलै २००५ च्या मुंबईने पहिल्या गोष्टीची किंमत सगळ्या देशाला दाखवली. दुसरीची किंमत हळूहळू मोजावी लागते, म्हणून ती दिसत नाही.

७. काय करता येईल, आणि कोणाच्या हाताने

या इतिहासातून निघणारे काम अवघड नाही. पलसाणा ते कडोदरा या पट्ट्यात वर्षभर रोज झाडलोट करण्याइतका पैसा पंचायतींपाशी नसेल. पण मे महिन्याचे शेवटचे दोन आठवडे महामार्गालगतचे सेवारस्ते, कारखान्यांची फाटके, चोकडी आणि बाजार यांची खरडण करून ती माती उचलून नेणे शक्य आहे. ती उचलून नेलीच पाहिजे. झाडून कडेच्या चरात लोटली तर पावसाचे कष्ट वाचवले एवढेच होईल. ज्या कारखान्याच्या फाटकासमोर राख पडते त्याने ती झाडावी, हा नियम रावांच्या सुरतेत चालला तसा इथेही चालू शकतो. पंचायती, कडोदरा नगरपालिका, कारखानदारांच्या संघटना आणि महामार्गाचे अधिकारी यांना एका बैठकीत बसवायचे काम आपल्यासारख्या जुन्या रहिवाशांच्या मंडळाने अंगावर घ्यावे. आपली या मातीतली मुळे संस्थानी काळातली आहेत असे आपण अभिमानाने सांगतो. मग या मातीच्या पाण्याबद्दल बोलण्याचा हक्क आणि जबाबदारी दोन्ही आपली आहेत.

आणि एक शेवटचा मुद्दा. सुरतेच्या यशाच्या कथेत आयुक्तांचे नाव आहे, आणि ते असायलाच हवे. पण रात्री दोन वाजता धुळीत वाकून कडेची माती खरडणाऱ्यांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या हे काम जातीने ठरवून काही समाजांच्या, गुजरातेत विशेषतः वाल्मीकी समाजाच्या, वाट्याला दिले गेले. आता ठेकेदारी आली, पण हात बहुधा तेच राहिले. ज्या बारीक धुळीत निम्मे जड धातू असतात ती धूळ आधी त्यांच्या फुफ्फुसांत जाते आणि मग पोत्यात. मास्क, हातमोजे, आरोग्यतपासणी, वेळेवर पगार आणि पक्की नोकरी हे मागणे म्हणूनच खाडीच्या शुद्धतेच्या मागणीचाच भाग आहे. नदी वाचवायची म्हणून तिच्यातले विष एखाद्या माणसाच्या छातीत साठवायचे, असा व्यवहार कोणत्याही सुसंस्कृत समाजाला शोभणारा नाही.

येत्या दिवाळीत आपण केरसुणीला हळदकुंकू वाहू. त्याच दिवशी आपल्या गल्लीचा रस्ता झाडणाऱ्या माणसाला नावाने हाक मारता यावी, आणि येत्या मे महिन्यात पलसाणा चोकडीवर पावसाआधीची पहिली खरडण झालेली असावी, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.